कोरडवाहू डोळे

मी चढाईला जायचे तेव्हा समोरच्या सात जणी मला सात धब्ब्यांसारख्या दिसायच्या. चेहरे नसायचेच. पाय मात्र कळायचे, कारण पाय हलतात, आणि मातीवर घासले की आवाज करतात. कोपऱ्यातली मुलगी पकडीसाठी झेप घेण्याआधी टाच रोवते. ती टाच रोवणार हे हिला तिच्याआधी कळतं, असं आमचे सर माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत फिरायचे. सर थोडं वाढवून सांगायचे. पण दिग्रसच्या मैदानात माझी चढाई आली की भेळवाला गिऱ्हाईक सोडून पुढे यायचा, एवढं मात्र खरं आहे.

चष्मा मला तिसरीत लागला. कॉलेजात जाईपर्यंत नंबर साडेपाचावर गेला. चष्मा घालून कबड्डी खेळता येत नाही. कोणाचा कोपर लागला तर काच डोळ्यात. म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी मी चष्मा काढून बाबांच्या खिशात ठेवायचे आणि धुक्यात शिरल्यासारखी मैदानात उतरायचे. बाबांचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सामन्याच्या दिवशी ते दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून यायचे. माय यायची ती थेट कापसाच्या जिनिंग कारखान्यातून, केसांना आणि पदराला रुई चिकटलेली. ती बाबांजवळ कधी उभी राहायची नाही. मैदानाच्या एका टोकाला, भिंतीच्या सावलीत राहायची.

ही कापसाच्या वाईट वर्षांतली गोष्ट आहे. मायची जिनिंग पूर्वी दिवाळीपासून थेट उन्हाळ्यापर्यंत चालायची, ती आता मध्येच बंद पडू लागली होती. बाबांच्या दुकानात खेड्यातली माणसं सायकल दुरुस्तीला टाकायची आणि न्यायला यायचीच नाहीत. गावोगावच्या कबड्डीच्या स्पर्धाही कमी झाल्या. एकदा आम्ही मुली जीपमध्ये दाटीवाटीनं बसून महागावकडच्या एका गावी सामन्याला गेलो, तर मैदान आखलेलं, चुन्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र, आणि माणूस एक नाही. सकाळी गावात मयत झाली होती. कशी झाली ते कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. एका बाईनं आम्हाला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी मात्र वस्तीतल्या विहारापुढच्या मैदानात, वंदना आटोपल्यावर, सगळ्याच्या सगळ्या मुली पदर नाहीतर ओढण्या खोचून हजर होत्या. कोणाला निरोप द्यावा लागला नव्हता. त्या मुलींबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी मला यवतमाळला नेऊन एका चष्म्याच्या दुकानातून लेन्स घेऊन दिल्या. सर आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक. शाळा सुटली तरी त्यांनी आम्हाला सोडलं नव्हतं. दुकानदारानं लेन्स डोळ्यात घालायची कशी आणि काढायची कशी ते घाईघाईत दाखवलं, एक बाटली हातात दिली.

सर म्हणाले, "आता तुले सगळ्याइचे चेहरे दिसतीन. आता पाह्यजो, कोन्ता संघ तुले धरते ते."

दिसलं खरं. महिनाभर मी हवेत होते. पण हंगाम सुरू झाला आणि दुपारच्या पाळीला मी मायबरोबर जिनिंगमध्ये जाऊ लागले. आमचं काम रेच्यावर. रेचा म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. एका बाजूनं आम्ही हातानं कापूस सारत राहायचं, दुसऱ्या बाजूनं रुई निघत राहायची. शेडमध्ये हवा अशी नसतेच. असतो तो बारीक धागा आणि धूळ. सकाळी कॉलेजला जाताना घातलेल्या लेन्स मी शेडमध्येही डोळ्यात ठेवायचे आणि तिथून तशीच मैदानात जायचे. काढायला जागा कुठे, हात धुवायला पाणी कुठे?

संक्रांतीपर्यंत डोळ्यात वाळू पडल्यासारखं व्हायला लागलं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग उठल्याबरोबर. डोळे लाल. वाऱ्यात उभं राहिलं की घळाघळा पाणी. दारव्ह्याच्या सामन्यात, ऐन चढाईत, लेन्स बुबुळाला घट्ट चिकटली. मला पापणी उघडता येईना. दोघींनी मला कंबरेला धरून बसवलं तेव्हा माझा दम सुटला नव्हता, मी तशीच डोळा मिटून "कबड्डी कबड्डी" म्हणत होते. प्रेक्षक हसले. मी मैदानाबाहेर आले तेव्हा रडत होते की डोळ्यातून आपोआप पाणी येत होतं, मला स्वतःलाही कळलं नाही.

सरांनी त्याच दिवशी ठरवलं. "लेझरनं ऑपरेशन करून टाकू. चष्मा गेला, लेन्स गेल्या, सारी कटकट गेली. विदर्भाच्या निवड चाचणीले अजून टाइम हाय."

आमच्यात कोणी असलं ऑपरेशन केलेलं ऐकलं नव्हतं. पैसे कसे उभे राहिले ते सांगत नाही. ते सांगायला लागलं की गोष्ट पैशाचीच होऊन बसते. वस्ती होती, विहाराचं मंडळ होतं, इतकं पुरे.

यवतमाळला एक डॉक्टरबाई होत्या. डोळे तपासायच्या तिथे, आणि लेझर करायला नागपूरला जायच्या. दारव्ह्यावरून जाणाऱ्या एसटीनं आम्ही तिघं गेलो, सर, माय आणि मी. जिनिंग त्या दिवशी बंद होती म्हणून माय येऊ शकली. खिडकीतून वारा लागत होता तर तिनं अख्खा रस्ता पदर तोंडावरून ओढून घेतला होता. मला वाटलं झोपलीय.

डॉक्टरबाईंनी मला यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं, पिवळ्या रंगाचा थेंब घातला आणि निळ्या उजेडात बघत राहिल्या. "पापणी लववू नकोस," म्हणाल्या, आणि मनाशी मोजू लागल्या. फार मोजावं लागलं नाही. मग खालच्या पापणीत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्टी काढली तर टोकच तेवढं ओलं झालं होतं.

"डोळे कोरडे आहेत," त्या म्हणाल्या. "फार कोरडे. असं ऑपरेशन नाही करता येणार."

सर म्हणाले, "मॅडम, हिच्या डोळ्यातून तर दिवसभर पाणी गळतं."

"ते वेगळं पाणी. डोळा कोरडा पडून चुरचुरला की तो घाबरून एकदम पाणी सोडतो. ते नुसतं पाणी, वाहून जातं. डोळ्यावर टिकायला त्यात तेलकटपणा लागतो. तो पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतो. हिच्या सगळ्या बंद झाल्यात. रुईची धूळ आणि दिवसभर लेन्स, दोन्हींनी मिळून केलंय."

माय इतका वेळ दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्हंजे आपल्याइकडच्या वावरावानीच झालं. पानी पडते, वाहून जाते. ओल रायतच नाही."

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तसंच. कोरडवाहू डोळे."

मग त्यांनी मला दोन कागद दाखवले. एक दुकानदारानं काढलेला नंबर, एक त्यांनी आत्ता काढलेला. दोन्हींत फरक होता. त्यांनी पुन्हा एकदा यंत्रावर बसवलं आणि तिसरा आकडा निघाला. "बघ, डोळ्यावर ओलावा एकसारखा नाही, म्हणून दर वेळी माप बदलतंय. चुकलेल्या मापावर लेझर चालवला तर चूक कायमची. शिवाय जखम भरायलाही ओलावा लागतो. आधी डोळे बरे कर. तीन-चार महिने लागतील, कदाचित जास्त."

"निवड चाचणी दीड महिन्यावर आलीय," सर म्हणाले.

"मग ती यंदा होणार नाही," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या.

आम्ही उठलो. डॉक्टरबाईंची नजर मायवर पडली आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा इथे."

"माहे नाही जी, पोरीचे पाहा."

"पोरीचे पाहिले. आता तुमचे बघते. एक मिनिट लागेल."

माय संकोचून स्टुलावर टेकली. डॉक्टरबाईंनी तिची पापणी बोटानं उलटली आणि दुसऱ्या डोळ्याचीही उलटून पाहिली. मग विचारलं, "उजेडाकडे बघवतं का तुम्हाला?"

"नाही जमत. पन आता सवय हाय."

"किती वर्षांपासून?"

माय बोटं मोजू लागली आणि मध्येच थांबली. "हे पोटात व्हती तवापासून आसन," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "जिनिंगवाल्या साऱ्याच बायाइचे डोये असेच असतेत, मॅडम. ते कामाचेच डोये हायत."

परतीच्या एसटीत बसल्यावर सर म्हणाले, एका मोठ्या शहरात त्यांच्या ओळखीच्या माणसानं ऑपरेशन करून घेतलंय. सकाळी तपासलं, दुपारी लेझर, दुसऱ्या दिवशी घरी. कोरडे डोळे वगैरे काही भानगड कोणी विचारली नाही. "तिथं जाऊ. ही बाई जादाच भेव दाखवून राह्यली."

मला चाचणी हवी होती. तिथे निवड झाली असती तर विदर्भाचा गणवेश मिळाला असता. ज्या मुलींशी मी धब्बे समजून खेळले त्यांच्या बरोबरीनं बसले असते. दारव्ह्याला गाडी थांबली, माय पाणी आणायला उतरली आणि नळाशी उभं राहून तिनं आधी पाण्याचे हबके डोळ्यांवर मारले, मग ती पाणी प्यायली. मी खिडकीतून बघत होते. हे ती रोज करत असणार, आणि मी रोज बघत असणार.

ती परत येऊन बसल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, मी यंदाची चाचणी नाही देत. मॅडम म्हणतात तसंच करते."

"पागल झाली का? पुढच्या वर्षी कोन पाह्यलं?"

"मीच पाहीन सर. पण नीट पाहीन."

सर एवढे रागावले की दिग्रसला उतरून न बोलता निघून गेले. मी तोवर आयुष्यात सरांना 'नाही' म्हटलं नव्हतं. पण आतून मला माझाच अभिमान वाटत होता. घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते चाकाचे आरे आवळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर केलं. रिम वाकडी असल्यावर घाई करून जमत नाही."

त्याच संध्याकाळपासून उपचार सुरू झाले. लेन्स बंद. माझी जिनिंगही बंद, हे बाबांनी सांगितलं. मायचं काम सुटणार नव्हतं, पण डॉक्टरबाईंनी तिला बाजूनं झाकलेला साधा चष्मा घालूनच शेडमध्ये जायला बजावलं होतं. दोघींना सारखाच इलाज: सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, गार झालं की पुन्हा बुडवायचं, मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी बोटानं हलके दाबत आणायची, म्हणजे अडकलेलं तेल सुटतं. पापण्यांच्या कडा स्वच्छ पुसायच्या. थेंब दिवसातून पुष्कळ वेळा. आणि जवस खायचा. जवसाचं ऐकून माय खूश झाली. "चटनी त आपन रोजच खातो! हे औषध हाय हे मले काय मालूम."

अंगणात बाजेवर आम्ही दोघी शेजारी शेजारी आडव्या व्हायचो, डोळ्यांवर फडकी. बाबा चुलीवरचं पाणी आणून द्यायचे. पहिले दोन-तीन दिवस आम्ही चूप पडून राहायचो. मग माय बोलायला लागली. एरवी ती बोलत नसे. दिवसभर रेच्याचा आवाज ऐकून आलेल्या बाईला घरी शांतता हवी असते. पण डोळे मिटून, हात रिकामे, उठायची मनाई, अशी ती बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच पडली होती.

एका संध्याकाळी तिनं जिनिंगमधला तिचा पहिला दिवस सांगितला. नवीन लग्न झालेलं. दुपारी पाणी प्यायला गेली तर मुकादमानं कोपऱ्यातला वेगळा माठ दाखवला. आपल्या लोकांसाठी तो.

"मंग?" मी फडक्याखालून विचारलं.

"मंग मी सगळ्याइच्या माठापाशी गेली. गिलास घेतला, बुडवला आन पेली. साऱ्या बाया पाहून राह्यल्या."

"आन मुकादम?"

"तोबी पाहून राह्यला."

"मंग काय झालं, माय?"

"काय होईन व? तहान गेली."

मी हसले तर फडकं घसरलं. ती म्हणाली, "हालू नको, गार होते." त्यानंतर तो वेगळा माठ तिथे राहिला का, हे विचारायचं मला सुचलं नाही; दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "फुटला आसन."

आणखी एकदा, बरेच दिवस गेल्यावर, मी सहज विचारलं की सामन्याला आली की ती बाबांजवळ का थांबत नाही, भिंतीकडे काय असतं?

"सावली असते," ती म्हणाली. "उन्हात माह्यानं डोये उघडवत नाही. तिथून मले दिसत काही नव्हतं, पन आयकू ये. लोक तुह्या नावानं ओरडले का मी समजो, पोट्टी वाचून आली. गप झाले का समजो, धरली."

आम्ही दोघी एकाच मैदानावर, तिनं कडेला आणि मी मधोमध, सगळे सामने आवाजावर काढले होते.

दोन महिन्यांनी माझ्या डोळ्यांतली वाळू कमी झाली. चौथ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी कागदाची पट्टी काढून माझ्यापुढे धरली; ती पुष्कळ पुढपर्यंत ओली होती. दोनदा माप घेतलं, दोन्ही वेळा आकडा तोच. त्या मला म्हणाल्या, "तू थांबलीस म्हणून हे जमलं. पुष्कळ जण थांबत नाहीत." माझी छाती एवढी फुगली की दिग्रसला उतरल्यावर मी बाबांच्या दुकानापर्यंत जायचं सोडून सरांच्या घरी गेले. सरांनी दार उघडलं. मी सांगितलं. ते बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले, जणू यंत्र त्यांच्याजवळच आहे. मग आत वळून बायकोला म्हणाले, "चहा टाक व. आपली रेडर आली."

मायचे डोळे माझ्याएवढे सुधारले नाहीत. इतक्या वर्षांचं दुखणं होतं ते, आणि ती रोज त्याच शेडमध्ये जात होती. तरी लाली उतरली, आणि बाजूनं झाकलेला तो चष्मा ती सोडेना. शेडमधल्या बाया आधी तिला 'हिरोईन' म्हणाल्या. मायनं उत्तर दिलं, "हावो, हिरोईन. तुमी राहा मंग व्हिलनवानी लाल डोये घेऊन." हंगाम संपेपर्यंत तिच्या पाळीतल्या निम्म्या बाया हिरोईन झाल्या होत्या. मालकाला तिनं शेडच्या दाराशी नळही बसवायला लावला. कसा ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "रोज इचारलं."

लेझर पोळ्यानंतर झालं, नागपूरला. डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं की नेहमीच्या पद्धतीत बुबुळावर पातळ पापुद्रा कापून उचलतात. पण कबड्डीत डोळ्याला हात लागायचाच, तो पापुद्रा सरकायला नको. म्हणून त्या वरूनच लेझर करणार होत्या. दुखणार जास्त, बरं व्हायला वेळही जास्त. "तुला वाट बघता येते, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन काही नाही, यंत्र टक टक करतं आणि जळल्यासारखा वास येतो. पुढचे चार दिवस मात्र डोळ्यात मिरच्या भरल्यासारखं झालं. बाबांनी खिडक्यांना पोती लावली. माय दर तासाला थेंब घालायला यायची. तिचा हात बिलकुल हलत नसे. मी कण्हले की म्हणायची, "होते, होते. ओल धरून राह्यलं बाप्पा, आता उगवंनच."

नजर एकदम आली नाही. आठवडेच्या आठवडे सगळं दुधाळ होतं, मग हळूहळू कडा आल्या. खेळायची परवानगी दिवाळीनंतर मिळाली. पहिला सामना घाटंजीला होता. मी उतरले, मध्यरेषा ओलांडली, आणि समोर सात चेहरे. घामानं भिजलेले, दात ओठ खाणारे, एकीच्या कपाळावर कांजिण्यांचा व्रण. मला सगळं दिसत होतं आणि म्हणून काहीच सुचत नव्हतं. डाव्या कोपऱ्यातली माझ्याकडे न बघता उजवीकडे बघतेय म्हणून मी तिच्या बाजूनं गेले. तिनं टाच कधी रोवली, मी ऐकलंच नाही. तीन चढायांत तीनदा धरली गेले. आम्ही हरलो.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अवो, तू त आंधळीच बरी व्हती!"

मी रात्रभर चिडले होते, पण सकाळी मला हसू आलं, कारण ते खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून विहारापुढच्या मैदानात मुलींनी मला नवीन शिकवण दिली. त्या चेहऱ्यानं मुद्दाम खोटं सांगायच्या, डावीकडे बघून उजवीकडे झेपायच्या, हसून घोटा धरायच्या. मी नजर त्यांच्या गुडघ्यांवर ठेवायला शिकले, कान पुन्हा जागे केले आणि चेहरा शेवटी बघायला लागले, हात लावून परत फिरताना. आता मी महागाव तालुक्यात एका शाळेत खेळ शिकवते, आणि नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात हेच सांगते. चष्मेवाली मुलगी आली तर तिला मैदानाबाहेर बसवत नाही, हेही सांगून ठेवते.

जिल्ह्याचा अंतिम सामना यवतमाळला झाला, थंडीत, उघड्या मैदानावर. त्यावरूनच विदर्भाच्या चाचणीला कोण जाणार हे ठरायचं होतं. बाबा नेहमीसारखे आले. माय बाजूनं झाकलेला चष्मा लावून आली, आणि भिंतीकडे न जाता बाबांच्या पुढे, दोरीला खेटून बसली. उन्हात.

सामना बरोबरीत होता. मी चढाईला गेले, समोर सहा जणी होत्या, म्हणजे बोनसचा गुण घेता येत होता. एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टाकला, दुसरा हवेत उचलला आणि परत फिरले. पंचानं हात आडवा हलवला. गुण नाही. त्याच्या मते माझा मागचा पाय टेकला होता.

"ओ पंचसायब!"

आवाज ओळखीचा होता, पण एवढ्या मोठ्यानं मी तो कधी ऐकला नव्हता. माय दोरीच्या आत आली होती.

"पाय उचलेल व्हता तिचा! माह्या डोयानं पाह्यलं म्या!"

पंच म्हणाले, "बाई, बाहेर व्हा. निर्णय आमचा आहे."

"निर्णय तुमचा आसन. डोये माहे हायत. आंगठाबी नाही टेकला. इचारा त्या रेषेवरच्याले!"

लोक हसू लागले, टाळ्या पडल्या, भेळवाले-चहावाले जवळ सरकले. बाबा तिला मागं ओढत होते, ती हलेना. पंचांनी रेषेवरच्या पंचाला खरंच विचारलं. त्यानं मान हलवली. निर्णय बदलला नाही. मायनं त्या दोघांकडे असं पाहिलं की ते दोघं दुसरीकडे बघू लागले, मग ती आपल्या जागी जाऊन बसली, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

माझा पाय खरंच उचललेला होता. पण त्या क्षणी गुणाचं मला काहीच वाटलं नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुढच्या चढाईत मी दोघींना हात लावून आले, त्यात डावा कोपरा होता. त्या दोन गुणांनी आम्ही जिंकलो. संध्याकाळी चाचणीसाठी नावं वाचली त्यात माझं होतं. सरांनी पंचांना, डॉक्टरबाईंना, चहावाल्याला, सगळ्यांना पेढे वाटले. डॉक्टरबाई दवाखान्यातून अर्धा तास सुटून आल्या होत्या. मायला म्हणाल्या, "तुम्ही फारच लांबचं बघता हो आता." माय लाजली.

परतीच्या एसटीत गर्दी होती. माय आणि बाबा पुढच्या बाकावर, मी मागे उभी. गाडी यवतमाळच्या बाहेर पडली तसं मायनं बाबांना सामना सांगायला सुरुवात केली. पहिल्या चढाईपासून. कोणत्या मुलीनं कुठून हात घातला, मी कशी वाकले, कोण पडली, कोणाच्या वेणीची रिबीन सुटली, पंचाच्या बुटाची नाडी कशी सुटलेली होती. दारव्हा आलं, गेलं, तिचं सांगणं संपलं नव्हतं. बाबा पूर्ण सामना तिच्या मागेच बसून बघत होते. तरी ते दर चढाईला "हो का?" म्हणत होते, आणि "मंग?"